पुढचं माप

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात तयार कपडे महिनोन् महिने लटकत असत. कपडे शिवण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण गिऱ्हाइकाला फोन करायचा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. पलीकडून कोणी "कोण बोलतंय?" म्हणालं, की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं त्यांना वाटायचं. शेवटी काउंटर सांभाळणाऱ्या भाचीने तोड काढली.

"मामा, एक वेबसाइट सापडलीय. आपण ईमेल लिहायची, ती गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मेसेज होऊन जाते. एकदम फुकट!"

"फुकट कसं काय? त्यांना काय मिळतं त्यातून?"

"मिळत असेल काहीतरी. तुम्ही कशाला डोकं शिणवताय?" असं म्हणत तिने 'अटी मान्य आहेत' या चौकटीवर टिचकी मारली. अटी एकोणचाळीस पानांच्या होत्या.

मास्तर हाडाचे काटेकोर. नुसतं 'कपडे तयार आहेत' हे त्यांच्या मते काही कळवणं नव्हे. म्हणून ते मशीनवरून मान न उचलता मजकूर सांगत आणि भाची टाइप करी. दातांच्या डॉक्टरांना पहिला मेसेज गेला तो असा : 'आपला कोट व पँट तयार. कंबर अडतीस, मागच्या खेपेपेक्षा दीड इंच जास्त. उजवा खांदा उतरता, तिथे भर घातली आहे. कळावे.' वेबसाइटवर 'आपल्या ग्राहकाविषयी आणखी सांगा' अशी एक मोठी रिकामी जागा होती. भाचीला रिकामी जागा बघवत नसे. तिने वहीतली सगळ्या गिऱ्हाइकांची जुनी मापंही तारखांसकट तिथे चढवून टाकली.

पंधरा दिवसांत दुकानातले हँगर मोकळे झाले. मास्तर भाचीवर बेहद्द खूश होते. तेवढ्यात एका दुपारी डॉक्टर दुकानात शिरले, ते मोबाइल पुढे धरूनच.

"मास्तर, हा काय चावटपणा?"

मोबाइलवर मेसेज होता : 'उजवा खांदा उतरलाय? लोकांच्या लक्षात येण्याआधी आमचा पट्टा बांधा.' आणि पाठवणाऱ्याच्या जागी मास्तरांच्या दुकानाचं नाव होतं.

"डॉक्टर, शप्पथ सांगतो, मी नाही पाठवला."

"मग माझा खांदा उतरलाय हे आणखी कोणाला माहीत? बायकोलासुद्धा माहीत नाही. तेवीस वर्षं झाली लग्नाला!"

मास्तरांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने स्क्रीनकडे पाहिलं. तिने लगेच वेबसाइटला 'मेसेज थांबवा' असं उत्तर पाठवलं. त्या उत्तरावरून या पत्त्यावर जिवंत माणूस बसलंय एवढंच वेबसाइटला कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून मेसेज दुप्पट झाले. खातं बंद करायला गेली तर समोर प्रश्न आला : 'आपणच आहात याची खात्री पटवण्यासाठी कृपया आपली मापं द्या.' भाचीने घाईघाईने कॉम्प्युटरची वायरच उपटली. मेसेज तरीही चालूच राहिले.

मग त्यांची सरमिसळ सुरू झाली. डॉक्टरांचा खांदा न्हाव्याच्या मोबाइलवर गेला, न्हाव्याचं पोट पोस्टमास्तरीणबाईंच्या. आठवड्याभरात गल्लीत कोणाचं कोणापासून काही लपलेलं राहिलं नाही. लोक रस्त्यात भेटले की आधी एकमेकांच्या खांद्याकडे, मग कमरेकडे बघत आणि मग हवापाण्याच्या गप्पा मारत. न्हावी पोट आत ओढून चालू लागला. डॉक्टर तर उजवा खांदा उचलून चालता चालता आता डावीकडे कलले होते. कोणी मोठ्याने बोलेना. मोबाइल वाजला की ओळीतल्या सगळ्या दुकानांत क्षणभर एकदम शांतता पसरायची, आणि प्रत्येक जण हळूच स्वतःचा खिसा चाचपायचा.

यानंतर जे झालं त्याने मात्र मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. न्हावी नवी पँट टाकायला आला होता. मास्तर टेप काढत होते, इतक्यात त्याचा मोबाइल वाजला.

"मास्तर, हा म्हणतो, कंबर आज बेचाळीस."

"त्याला काय कळतंय? मागच्या खेपेला एक्केचाळीस होती," मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या कमरेभोवती टेप गुंडाळली. टेप बेचाळिसावर येऊन थांबली. त्यांनी ती सोडवून पुन्हा गुंडाळली. बेचाळीसच. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या आधी कोणीतरी गिऱ्हाइकाचं माप घेऊन गेलं होतं, आणि तेही हात न लावता.

न्हावी गेल्यावर भाचीने त्यांची समजूत काढली. "मामा, त्यात भुताटकी काही नाही. मीच जुनी मापं तारखांसकट भरली होती. ते यंत्र नुसती बेरीज-वजाबाकी करतं आणि पुढचं माप सांगतं."

"बेरीज-वजाबाकी मलाही येते," मास्तर म्हणाले. "पण मी कोणाला सांगत सुटतो का?"

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या बाई आल्या. बाई एरवी दार उघडतानाच काहीतरी बोलत येत. त्या दिवशी एक अक्षर न बोलता त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. मास्तरांनी चष्मा लावला.

'जानेवारी : कंबर तीस. मार्च : साडेअठ्ठावीस. मे : सत्तावीस. जुलै : साडेपंचवीस. त्यापुढील माप उपलब्ध नाही.'

मे महिना नुकता सरत होता, जुलै अजून यायचा होता. शिलाई मशीन चालवणारा मास्तरांचा पाय आपोआप थांबला.

"उपलब्ध नाही म्हणजे काय हो मास्तर?" बाईंनी विचारलं. त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "मी जुलैनंतर असणार नाही का?"

"तसं काही नसतं बाई," भाची पटकन म्हणाली. "त्यांच्याकडे आकडे संपले असतील."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "मास्तर, तुम्ही सांगा. माझं करडं जाकीट तुम्ही तीनदा आत घेतलंत. तुम्हाला काही वाटलं नाही?"

मास्तरांना वाटलं होतं. प्रत्येक खेपेला टेप थोडी आणखी सैल पडत होती. पण गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा रिवाज. निरोपाच्या ईमेलमध्ये ते काय काय लिहीत होते याची आठवण होऊन त्यांचे कान तापले.

"वाटलं होतं," ते म्हणाले. "मी मूर्ख. यंत्राला सांगून बसलो आणि तुम्हाला नाही सांगितलं. बाई, आजच्या आज डॉक्टरकडे जा. दातांच्या नव्हे, खऱ्या. मी येतो बरोबर."

ते खरोखरच गेले. दुकानाला दुपारी कुलूप लागलेलं गल्लीने प्रथमच पाहिलं. चार दिवसांनी तपासण्यांचे रिपोर्ट आले : गळ्यातल्या ग्रंथीचा आजार, रोज एक गोळी, घाबरायचं कारण नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सहा आठवड्यांनी बाई जाकीट घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सोडा हो जरा, बटण लागत नाही!"

ही हकिकत गल्लीभर झाली, आणि मास्तरांना वाटलं होतं त्याच्या नेमकं उलट घडलं. त्यांच्यावर रागावलेली माणसं दुकानापुढे रांग लावू लागली. कोणालाच कपडे शिवायचे नव्हते.

"पँट नको मास्तर, नुसतं माप घ्या. मेसेजात आलंय तेवढंच आहे का, बघायचंय."

एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. त्यांनी दार आतून लावून घेतलं. कोट काढून ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले. "तो म्हणतो, खांदा आणखी अर्धा इंच उतरलाय. या वयात असंच होत जाणार, म्हणतो. खरं सांगा."

मास्तरांनी डाव्या खांद्यापासून टेप लावली, मग उजव्या. भाची वही उघडून, पेन घेऊन उभी होती. तिला आकडे स्पष्ट दिसत होते. वहीतल्या मागच्या मापापेक्षा उजवा खांदा बरोबर अर्धा इंच खाली आला होता. मास्तरांनी एकवार तिच्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळून गळ्यात अडकवली.

"काही उतरला-बितरला नाही," ते म्हणाले. "चुकलंय ते. आणि खांदा उचलून चालू नका, मान दुखेल."

डॉक्टरांनी केवढा तरी श्वास सोडला. दोन्ही खांदे त्यांनी सैल सोडले, कोट घातला आणि शीळ घालत रस्त्याला लागले. उजवीकडे किंचित कललेले, पण मजेत.

भाची अजून पेन धरून उभी होती. "मामा, वहीत काय लिहू?"

मास्तरांनी मशीनच्या सुईत दोरा ओवला, दाताने तोडला आणि पायाने मशीन सुरू केलं.

"काही लिहू नकोस," ते म्हणाले. "माझ्या लक्षात आहे."