कॅमेऱ्यावरची काळी पट्टी

फोटो काढायची कला शिकून येत नाही, ती जन्मतःच बोटात असावी लागते. माझ्या बोटात ती आहे! आमच्या गल्लीतल्या म्हशीचा मी मोबाइलवर एक फोटो काढला होता. तो पाहून लोकांनी विचारलं, "ही कोणाच्या घरची हो?" इतकी ती खुलून आली होती!

त्यामुळे माझ्या साळ्याचं, रुपेशचं लग्न ठरलं आणि हिंगणघाटला सासऱ्यांच्या बैठकीत फोटोग्राफरचा विषय निघाला, तेव्हा मला राहवलंच नाही.

"मामाजी, घरचा जावई असताना बाहेरचा माणूस काऊन? मी नवा कॅमेरा घेतो. लोक लग्न इसरतील, फोटो इसरणार नाई!"

सासरे बापूराव म्हणजे रिटायर हेडमास्तर. तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या पोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाहा बरं जावईबापू. लग्न एकदाच होते."

"माझ्यावर सोडा!"

बायकोने, नंदिनीने, मला जोरात चिमटा काढला. मी तो कौतुकाचा समजलो.

वर्ध्याला परतलो आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या स्वप्निलला विचारलं. त्याच्याकडे कॅनन.

"डोळे झाकून कॅनन घे भौ! माणूस असा दिसते, जसा आताच आंघोळ करून आला!"

"पक्कं! कॅननच!" मी म्हणालो. म्हणावंच लागलं. मी उशिरा पोचलो की 'साहेब, तो आताच झेरॉक्सले गेला' असं तोंड वाकडं न करता सांगणारा स्वप्निलच. अशा माणसाचं मन मोडून चालत नाही.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचा धर्मेंद्र भेटला. त्याच्याकडे निकॉन.

"निकॉनच घेजो! हातात धरला का वाटते, काईतरी धरलं हाय!"

"पक्कं! निकॉनच!" आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या मोटरचं बटण धर्मेंद्रच्या घरात आहे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात असल्या माणसाशी वाद घालणारा मूर्खच!

नंदिनी म्हणाली, "अवो, दोघांले दोन गोष्टी सांगून राह्यले तुम्ही. उद्या ते भेटले तर?"

"कुठून भेटतात! एक ऑफिसातला, एक बिल्डिंगमधला."

ते भेटले. बसस्टँडसमोरच्या टपरीवर, तर्रीपोहे खाताना; दोघंही तिथले रोजचे गिऱ्हाईक निघाले. माझा विषय निघाला. एक म्हणे कॅनन, दुसरा म्हणे निकॉन. पोहे गार झाले, डोकी गरम झाली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. मग दोघंही वेगवेगळे माझ्याकडे आले.

"तो धर्मेंद्र एक नंबरचा खोटारडा हाय! तू कॅननच घेऊन राह्यला नं?"

"म्हणजे काय!"

"तो स्वप्निल फेकू हाय! निकॉनच नं?"

"दुसरं काही असतं का!"

शेवटी एका दुपारी मी तोंडाला रुमाल बांधून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "कॅनन दाखवू का निकॉन?" कॅनन हातात घेतला की मोटरच्या बटणावरचं धर्मेंद्रचं बोट डोळ्यांपुढे येई. निकॉन घेतला की साहेबांच्या कानाला लागलेला स्वप्निल दिसे! एसीत मला घाम फुटला. तेवढ्यात कोपऱ्यात एक सोनी दिसला.

"तो द्या!"

"काऊन साहेब? त्यात काय पाहिलं?"

"याचं माझ्या ओळखीत कोणीच नाई!"

घरी येऊन पहिलं काम केलं. कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली. दोघांनाही सांगितलं, "चोरांची भीती हो! नाव दिसलं की मागे लागतात." दोघांनाही पटलं. आपल्या कंपनीवर चोरांचा डोळा असणारच, याचा दोघांनाही अभिमान वाटला!

लग्नाला मी त्या दोघांना बोलावलं नव्हतं. पण 'जावयाचे मित्र' म्हणून सासऱ्यांनी बोलावलं.

हॉल भरला. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं. रुपेश आणि नवरी काजल हार घेऊन समोरासमोर उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि डावीकडून स्वप्निल स्टेजवर चढला.

"भौ, तुझ्यासाठी माझी खास लेन्स आणली. लाव!"

उजवीकडून धर्मेंद्र. "त्याची कशी लागन? निकॉनले निकॉनचीच लागते. ही घे!"

"कॅनन हाय तो!"

"निकॉन हाय बे!"

"थांबा, थांबा," मी म्हणालो, "या कॅमेऱ्याला बाहेरचं चालत नाही... पथ्य आहे!"

पण कोण ऐकतो! एकाने कॅमेरा ओढला, दुसऱ्याने पट्टा ओढला. पट्ट्याच्या मध्ये माझी मान होती. या ओढाताणीत चिकटपट्टी सुटली आणि माझ्या मिशीला चिकटली.

"सोनी?" दोघं एकदम ओरडले.

मग धर्मेंद्रने स्वप्निलकडे पाहिलं. "म्हणजे तू खोटं बोलत नव्हता?"

"आन् तूही नाई?"

आणि त्यांनी एकमेकांना मिठी मारली! फुलं उधळली गेली, टाळ्या झाल्या. मला वाटलं, मिठीसाठी.

"जावईबापू!" सासूबाई सुलोचनाबाई स्टेजखालून ओरडल्या. "हार घालून झाले! फोटो?"

मी कॅमेरा तपासला. फोटो होते. तीन सतरंजीचे, आणि एक भंतेजींच्या चपलेचा. तो खरंच छान आला होता.

बापूराव आले. चष्मा सावरून त्यांनी चपलेचा फोटो नीट पाहिला. शेवटी भंतेजीच हसून म्हणाले, "हार परत घालू. पण तुमचं लेन्सचं आधी मिटू द्या."

"मी परत लाजणार नाई हं!" काजल फणकारली. "एकदाच लाजायचं होतं, लाजून झालं!"

बापूरावांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि त्या दोघांकडे वळले. "तुमच्याजवळ कॅमेरे हायेत? मग काढा." दोघांनी पिशव्यांतून आपापले कॅमेरे काढले. धर्मेंद्रने एक पांढरी छत्री उघडली, उजेड चेहऱ्यावर पाडायची. ती धरायला माणूस पाहिजे होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी धरली. सख्ख्या साळ्याच्या लग्नात, मानाचा जावई, हातात छत्री! काजलकडचे पाहुणे तर येता-जाता सूचना देत होते.

"ओ छत्रीवाले, थोडं वर!"

"छत्रीवाले भाऊ, आजीच्या तोंडावर अंधार येऊन राह्यला!"

एका दयाळू मावशी तर म्हणाल्या, "जेवून घेजो बाबू, मागं स्टाफची पंगत हाय."

अल्बम मात्र अफलातून आला. काजल तर पहिल्यापेक्षा जास्त लाजली आहे. ते दोघं आता जिवलग मित्र आहेत, जोडीने तर्रीपोहे खातात. मला कोणी बोलावत नाही. आमच्याकडे पाणी सकाळी फक्त बादलीभर येतं, आणि मी ऑफिसला वेळेवर जातो.

मागच्या आठवड्यात आंजीहून काजलच्या मामांचा फोन आला. "लग्नात होते ते तुम्हीच नं? आमच्या पोरीचं साक्षगंध हाय."

साखरपुड्याचं आमंत्रण ऐकून माझी छाती फुगली. "हो, हो! सांगा! कोणता कॅमेरा आणू?"

"कॅमेरा नको, फोटोग्राफर ठरला हाय. तुम्ही छत्री घेऊन येजा. एवढा वेळ हात न हलवता धरणारा माणूस आमच्याकडं मिळत नाई!"

नंदिनीने आतून विचारलं, "कोणाचा फोन हाय?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि हळूच तारीख विचारून घेतली.