मेन स्विच आणि माझा रेकॉर्ड

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमचा गैरसमज नको. पुंडलिकनगरात माझ्यासारखा विमान उडवणारा माणूस झाला नाही आणि होणार नाही. विमान म्हणजे चिकलठाण्याच्या विमानतळावरून सुटतं ते नव्हे हां! आमच्या कॉलेजच्या दिवसांत औरंगपुऱ्यात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. तिथं कोपऱ्यात कपाटाएवढं मशीन उभं असायचं. नाणं टाकलं की पडद्यावर अंतराळातलं विमान डावीकडून उजवीकडं निघायचं. खाली डोंगर, डोंगरातून सुटणारी रॉकेटं आणि मधे मधे इंधनाच्या टाक्या. टाकीवर बॉम्ब टाकला की टाकी फुटायची आणि इंधन मात्र आपल्या विमानात भरायचं. असं कसं, हे आम्ही कधी विचारलं नाही. फुकट मिळत असलं की कोण विचारतो?

डाव संपला की मशीन पहिल्या पाच जणांची यादी दाखवायचं. नावापुरती तीन इंग्रजी अक्षरं. त्या यादीत पाच वर्षं पहिल्या नंबरावर 'एस यू डी' होतं. एस यू डी म्हणजे सुदर्शन. सुदर्शन म्हणजे मी.

ही गोष्ट मी बायको बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना सांगितली. पतसंस्थेत क्लार्कच्या मुलाखतीत सांगितली. मुलगी झाली, अपेक्षा, तर तिला राजाराणीच्या जागी हीच गोष्ट ऐकवून झोपवली. आणि तिच्या लग्नाच्या बैठकीत ती व्याह्यांना सांगितली. तिथंच सगळा घोळ झाला.

आमचे व्याही नानासाहेब कन्नडकडचे. पंधरा एकर अद्रक, दोन ट्रॅक्टर, ऊस वेगळा. बैठकीत माणूस तासभर नुसता अद्रकीवर बोलला. बी कुठलं, बेड किती फुटाचा, पाणी कसं द्यायचं. मी आपला मान हलवतोय. माझ्याकडं सांगण्यासारखं काय? अडीच खोल्या आणि एक स्कूटर, तीही किक मारल्यावर विचार करून सुरू होणारी. शेवटी राहवलं नाही आणि मी रेकॉर्ड बाहेर काढला. नानासाहेब अद्रकीच्या मधेच थांबले.

"पाच वर्षं? सलग?"

"सलग," मी म्हणालो.

त्या दिवसापासून माणूस बदलला. लग्नात चारशे पाहुण्यांना त्यांनी माझी ओळख 'आमचे रेकॉर्डवाले व्याही' अशी करून दिली. त्यांच्यापुढं माझी म्हणावी अशी तेवढीच जमीन. ती गेली की मी भूमिहीन. हे लक्षात ठेवा.

यंदा अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं म्हणून सुलेखानं, म्हणजे आमच्या हिनं, महिनाभर आधी याद्या केल्या. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, चांदीचा दिवा. आमचे जावई शिवराज वाळूजला एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतात. पोरगा लई गुणी आणि कमी बोलणारा. रविवारी सकाळी तो, अपेक्षा आणि नानासाहेब असे तिघं आले. विहीणबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी आल्याचा मुरंबा पाठवला होता.

आम्ही दोघांनी जावयाचे पाय धुतले, ओवाळलं, पाया पडलो. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. तो बिचारा अवघडून पाय आखडून घेत होता. मग त्यानं पिशवीतून टिफिनच्या डब्याएवढी एक पेटी काढली आणि म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी स्वतः बनवलंय. टीव्हीला जोडायचं."

त्यानं वायर लावली, पेटीला हँडल जोडलं. पडद्यावर काळं आकाश आलं, खाली डोंगर आला आणि डावीकडून माझं विमान निघालं. अगदी तेच! तोच टुईंटुईं आवाज. तीस वर्षांनी गाव दिसावं तसं झालं मला. डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो.

पण ते पाणी वाळायच्या आत नानासाहेब सोफ्यावर पुढं सरकून बसले. ते म्हणाले की आजवर नुसतं ऐकत आलो, आज डोळ्यानं बघू. अपेक्षानं मोबाइलवर शूटिंग चालू केलं. आणि मी उगाच चष्मा पुसत बसलो. कारण माझ्या रेकॉर्डमधली एक बारीक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तुम्हालाही नाही. थांबा, येतंच ती पुढं.

मी हँडल धरलं. पहिलं रॉकेट चुकवलं, दुसरं चुकवलं, तिसरं मला चुकलं नाही. तीन विमानं मिळतात, ती तिन्ही मिनिटभरात गेली. एक हजार शंभर. मग शिवराज बसला. त्यानं डोंगर पार केला, गुहा पार केली, उडत्या तबकड्या पार केल्या. अठ्ठेचाळीस हजार! चहा गार झाला तरी त्याचं विमान उडतंय.

नानासाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "अधिक महिना आहे. जावयाला हरवतात का कुठं? नारायणाला हरवून पाप कोण घेणार?"

किती सुंदर उत्तर! मी स्वतःवरच खूश झालो. नानासाहेबांनाही पटलं. ते धोतराचा सोगा आवरत म्हणाले, "बरोबर हाय. मग माझ्यासंगं खेळा. मी काय नारायण नाय."

मी हँडल त्यांच्या हातात दिलं.

नानासाहेबांनी आयुष्यात हँडल धरलं नव्हतं. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं कन्नडच्या घाटातून अद्रकीनं भरलेली जीप खाली आणली, त्याला असल्या डोंगराचं काय? एक गोळी झाडली नाही त्यांनी. म्हणाले, उगा कुणाचं डिझेल कशाला जाळायचं. नुसतं वर घ्यायचं, खाली घ्यायचं, समोरून आलं की बाजूला दाबायचं. विमान नुसतं उडत राहिलं तरी आकडे वाढतातच; इंधन संपून तिन्ही विमानं पडेपर्यंत नऊ हजार झाले होते. माझे झाले नऊशे. मी चष्म्याला दोष दिला. हँडल उजव्या बाजूला पाहिजे होतं असंही म्हणालो. नानासाहेब नुसतं "व्हय व्हय" म्हणाले. त्या व्हय व्हयमध्ये माझी अर्धी जमीन गेली.

"आता खरा डाव दाखवतो," मी म्हणालो आणि पाणी पिऊन येतो असं सांगून उठलो.

मी पाणी प्यायला गेलो नाही. मी गेलो जिन्याखालच्या मीटरपाशी. वर बघितलं, खाली बघितलं, आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. टीव्ही गेला. आतला मिक्सर चटणी वाटता वाटता गप्प झाला. मी मनात वीस मोजायला लागलो. बाराला स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि हातात झारा घेऊन सुलेखा उभी. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं. हात अजून स्विचवरच होता.

"झालं का?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हणालो आणि स्विच वर केला. ती पुरणाचे धोंडे तळायला निघून गेली.

बाहेरच्या खोलीत आलो तर नानासाहेब खिडकीत. शेजारच्या भागूबाईंचा कूलर मघाशी कसा काय चालू होता, असं ते विचारत होते. आपल्याकडची एखादी फेज गेली असेल, असं म्हणून मी घाईनं पेटी चालू केली आणि बसलो. आता मन शांत होतं. रॉकेटं चुकवली, दोन टाक्या फोडल्या, तीन विमानांत मिळून चौदाशे केले. मग हँडल ठेवून मागं रेलून बसलो आणि म्हणालो, "बघा आता यादी."

यादी आली. पहिला शिवराज, अठ्ठेचाळीस हजार. दुसरे नानासाहेब, नऊ हजार. तिसरा मी, चौथा मी, पाचवा मी.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हे पुसलं का नाही?"

शिवराजला वाटलं मी खरंच माहिती विचारतोय. तो मोठ्या उत्साहानं सांगायला लागला की मामा, यात मी वेगळी चिप टाकलीय, लाईट गेली तरी रेकॉर्ड राहतो. औरंगपुऱ्यातलं मशीन कुठलं ते तुम्ही सांगितलं होतं, म्हणून मी त्याचा अभ्यास केला. त्या जुन्या मशीनमध्ये ती मोठी अडचण होती, लाईट गेली की सगळे आकडे पुसायचे.

तेवढं बोलला आणि त्याच्याच लक्षात आलं. तो पेटीची वायर तपासायला लागला. पण नानासाहेबांचा हिशेब सुरू झाला होता.

"त्या टायमाला तर लाईट रोज जायची," ते सावकाश म्हणाले. "मंग पाच वर्षं रेकॉर्ड राहिला कसा, सुदर्शनराव?"

अपेक्षानं मोबाइल खाली घेतला. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं." मेन स्विच माझ्यावरच पडला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

मग मी सांगितलं. दुसरा इलाजच नव्हता. औरंगपुऱ्यात तेव्हा लाईट दुपारी जायची आणि चार वाजता यायची. लाईट आली की मशीन कोरं. सगळीकडं शून्य. तेव्हा जो पहिला खेळेल तो पहिला नंबर, मग दोनशे करा नाही तर दोन लाख. मला खेळता येत नव्हतं, पण वेळ पाळता येत होती. मी पावणेचारपासून दुकानाच्या दारात नाणं मुठीत धरून उभा राहायचो. चार वाजून पाच मिनिटांनी एस यू डी पहिल्या नंबरावर. सव्वाचारला दुसरा कुणी वर चढायचा, पण तोवर मी घरी निघून गेलेलो असायचो. जे बघितलंच नाही ते झालं कशाला म्हणायचं?

हर्सूलच्या जेलातून सुटलेला माणूस बसावा तसा मी खाली मान घालून बसलो.

"पाच वर्षं रोज दारात?" नानासाहेबांनी विचारलं.

"रोज."

"एक दिस चुकला नाय?"

"दिवाळीला सुद्धा नाही."

नानासाहेब उठून माझ्या शेजारी येऊन बसले. "लाईट कवा येती म्हणून मोटरीपाशी बसण्यात माझा जलम गेला," ते म्हणाले. "पण पाच वर्षांत एक दिस बी चुकला नाय, असं मला माझ्या अद्रकीसाठी जमलं नाय हो. खेळाचा जाऊ द्या. रेकॉर्ड हाय तुमचा."

असं म्हणून ते धोंड्यांच्या पंगतीला उठले आणि अकरा धोंडे खाल्ले. तोही रेकॉर्डच, पण तो कुणी लिहून ठेवला नाही. आता फोन आला की अद्रकीच्या आधी ते माझी खुशाली विचारतात, एवढं खरं.

जाताना शिवराजनं हळूच विचारलं, "मामा, ती चिप काढून देऊ का?" नारायणच तो! मी लगेच हो म्हणालो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला ऑफिसातून आलो की पेटीची पिन काढतो, परत लावतो आणि यादी कोरी असताना पहिला डाव खेळतो. सहा वाजून पाच मिनिटांनी पुंडलिकनगरात आजही मीच एक नंबर.

मग मी भाजी आणायला बाहेर पडतो. मुद्दाम. कारण सहा वाजून दहा मिनिटांनी हात पुसत सुलेखा येऊन बसते, आणि तिचे परवा बावन्न हजार झाले, असं मला भागूबाईंनी सांगितलंय.