रामकृष्णपंतांना लाल चिठ्ठी

विजेची गाडी दारात येऊन बावीस दिवस झाले होते आणि रामकृष्ण खासनीसांनी तिच्यावर अजून कवडीचाही विश्वास टाकला नव्हता. ती आवाज करत नाही, म्हणजे काहीतरी लपवत असणार, हे त्यांचं पहिलं मत. दुसरं मत असं, की जी गाडी स्वतःच लेन धरते, स्वतःच ब्रेक मारते आणि वर आपल्यालाच सूचना देते, तिच्यात बसणं म्हणजे साहेबाच्या मांडीवर बसून ऑफिसला जाणं.

खासनीसांचा तरी काय दोष? केंद्र सरकारच्या उपकरण तपासणी प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. काटे, मीटर, दाबमापक काहीही टेबलावर आलं, की त्याला तीन संधी मिळत. तिन्ही वेळा चुकलं, की खासनीस त्यावर लाल चिठ्ठी चिकटवत : ‘वापरास अयोग्य’. रदबदली नाही, चहापाणी नाही. या लाल चिठ्ठ्या चिकटवत चिकटवत ते कोची, भोपाळ, गुवाहाटी आणि अशीच आणखी दोन गावं करत आता चंदीगडला आले होते आणि मोहालीच्या एयरोसिटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

त्यांच्याबरोबर सुमित्राबाईही कोची, भोपाळ, गुवाहाटी करत आल्या होत्या. गणितात एम.एस्सी., विद्यापीठात दुसऱ्या. प्रत्येक गावात त्यांना शाळेत नोकरी लागे, मुलांना त्या आवडू लागत आणि तेवढ्यात खासनीसांची बदली येई. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी अर्जच केला नाही. आता वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासने त्यांना नमुना तासासाठी बोलावलं होतं. वेळ सकाळी अकराची, आणि ‘वेळेनंतर आलेल्यांना वर्गात घेतलं जाणार नाही’ असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

“आज मीच सोडणार तुला,” खासनीसांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. त्यासाठी अर्धी रजाही टाकली होती. त्या चार नोकऱ्यांचं त्यांच्या मनात खोल कुठेतरी सलत होतं. बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता, म्हणून निदान गाडी चालवायची.

“टॅक्सी करू या का हो?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“नवऱ्याची गाडी दारात असताना टॅक्सी?”

दहा वाजले तरी नवरा गाडीच्या टायरांतली हवा तपासत होता. लेक चिन्मयी आयटी पार्कच्या कंपनीच्या बसची वाट बघत खाली उभी होती. तिचं मराठी चंदीगडच्या पाण्याने बरंच पातळ झालं होतं.

“बाबा, यार, तुम्ही तीसच्या स्पीडने गेलात ना, तर आईचा डेमो उद्या होईल. असिस्ट ऑन ठेवा. गाडी बघेल सगळं. पक्का.”

“गाडी बघेल, मग मी काय करू?”

“तुम्ही फक्त समोर बघा. बस, इतकंच.”

इतकंच! पण तिथेच तर सगळी गोम होती.

खासनीसांना वाटेत देऊळ दिसलं, की नमस्कार करायची सवय होती. वाईला वडिलांच्या सायकलवर पुढे बसायचे तेव्हापासूनची. उजवा हात छातीला, मग ओठांना, मग कपाळाला, डोळे मिटलेले, आणि मनात देवाचं नाव तीन वेळा. मोठं देवस्थान असेल तर अकरा वेळा. बदली होईल त्या गावची देवळं यादीत जमा होत. चंदीगडला आल्यावर गुरुद्वारेही आले, कारण देवाच्या बाबतीत खासनीस भेदभाव करत नसत. “पस्तीस वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही. त्याची कृपा,” असं ते वर बोट करून सांगत.

“त्याची आहेच,” सुमित्राबाई म्हणत. “पण हे डोळे मिटतात तेव्हा मी माझे उघडे ठेवते.”

एयरोसिटीतून बाहेर पडताना डाव्या हाताला मारुतीचं देऊळ आहे. खासनीसांचा हात उठला, डोळे मिटले. टुंग टुंग, गाडी म्हणाली. पाठोपाठ एका बाईचा गोड आवाज आला : “कृपया सड़क पर ध्यान दीजिए।”

खासनीसांनी दचकून डोळे उघडले. “ही कोण मला सांगणार?”

“तुमच्यावर कॅमेरा आहे तिचा. डोळे मिटलेले दिसले तिला,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“तुला काय माहीत?”

“चिन्मयी बोलली होती,” असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

एअरपोर्ट रोडला लागल्यावर मोठं वळण आलं आणि स्टिअरिंग खासनीसांच्या हातात आपलं आपण फिरलं. माणसाने आपल्या हातातली पळी स्वतःच कढईत फिरताना बघावी, तसे ते हादरले. पुढे ट्रक, मागे बस, आणि चाक फिरवतंय कोण तर कुणीच नाही! अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. डोळे गच्च मिटले आणि देवाचं नाव घेतलं. आता स्टिअरिंगच थरथरायला लागलं, अंगात आल्यासारखं. “दूसरी चेतावनी,” बाईचा आवाज तितकासा गोड राहिला नव्हता.

“अहो, आता कुठलं देऊळ आलं?”

“मनातलं!” खासनीस ओरडले. “तिला सांग, मी झोपलेलो नाही. घाबरलोय!”

“तुम्ही घाबरता, म्हणून डोळे मिटता. तुम्ही डोळे मिटता, म्हणून ती घाबरते. कुणीतरी एकाने थांबा.”

दोघांनीही थोडा वेळ ऐकलं. साडेदहाला दहा मिनिटं होती, गाडी झकास चालली होती, चंदीगडची हद्द लागली. सुमित्राबाई ओठांतल्या ओठांत तासाची उजळणी करू लागल्या. त्यांच्या मांडीवरच्या कागदाच्या कडा घामाने ओल्या झालेल्या खासनीसांनी पाहिल्या. हिला आज ही नोकरी मिळायलाच हवी, त्यांना वाटलं. आणि नेमका तेव्हाच झाडांमागून गुरुद्वाऱ्याचा पांढरा घुमट दिसला.

बायकोसाठी मागायचं म्हणजे तीन वेळा नाव घेऊन कसं भागणार? खासनीसांनी अकरा वेळांचा संकल्प सोडला.

चौथ्या नावाला टुंग टुंग झालं. सहाव्याला स्टिअरिंग थरथरलं. आठव्याला गाडीने सगळे दिवे लुकलुकवत वेग कमी केला, ती अदबीने डावीकडे सरकली आणि सायकल ट्रॅकच्या कडेला उभी राहिली. लगेच फोनची रिंग वाजली आणि एक नवीन बाई, या वेळी खरीखुरी, बोलू लागली.

“सर, मैं हेल्प सेंटर से बोल रही हूँ। क्या आप होश में हैं? सर?”

नाव घेताना मधे बोलायचं नसतं. दोन उरली होती. खासनीसांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं, म्हणजे ‘थांबा’. फोनवर बोट दिसत नाही.

“सर जवाब नहीं दे रहे,” बाई कुणाला तरी म्हणाली.

सुमित्राबाई पुढे झुकल्या. “अरे, वो ठीक हैं! वो बस भगवान का नाम ले रहे हैं!”

मग बाईचा आवाज एकदम मऊ झाला. “हिम्मत रखिए, मैडम। आप उनका हाथ पकड़े रहिए। एम्बुलेंस निकल चुकी है।”

अकरावं नाव संपवून खासनीसांनी डोळे उघडले, तोवर खिडकीशी पाच माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे स्कूटर सोडून धावत आलेले एक धिप्पाड सरदारजी. “अंकलजी नूं अटैक आ गया!” असं जाहीर करून त्यांनी दार उघडलं, खासनीसांचे बूट काढले आणि तळवे चोळायला घेतले. एकाने लिंबाच्या शिकंजीचा ग्लास तोंडाला लावला. तोंड भरलेलं असल्यामुळे खासनीसांना ‘मी ठणठणीत आहे’ हे सांगता आलं नाही. मोबाइलवर चिन्मयी रडत होती. हेल्प सेंटरने तिलाही कळवलं होतं.

“आई, बाबा ठीक आहेत ना? सच बता!”

“ठीक आहेत गं. गुरुद्वाऱ्याला नमस्कार केला.”

“ओह गॉड.” रडणं तत्क्षणी थांबलं. “परत?”

अँब्युलन्स आली. आतल्या नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब एकशे अडुसष्ट निघाला. तो सरदारजींनी तळवे चोळल्यावर कुणाचाही निघाला असता, पण नर्सबाईंनी मान हलवली. “गाड़ी तो आप नहीं चलाओगे, अंकलजी। आधा घंटा आराम।”

“मी ठीक आहे! मैं बिल्कुल ठीक हूँ! मुझे इनको छोड़ना है!” खासनीस अनवाणी पायांनीच स्टिअरिंगला बसले आणि त्यांनी बटण दाबलं. गाडी सुरू झाली नाही. पडद्यावर लाल रंगाची एक चौकट उमटली. ड्रायव्हर रामकृष्ण : तीन चेतावण्या. तीस मिनिटं वाहन चालवण्यास अयोग्य.

खासनीस त्या चौकटीकडे बघत राहिले. लाल. तीन संधी. अयोग्य. त्यांनी पुन्हा बटण दाबलं नाही, आरडाओरडा केला नाही. एकतीस वर्षांत कुठल्याही यंत्राने त्यांना जिंकलं नव्हतं. या यंत्राने जिंकलं.

“नियमाप्रमाणे आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिन्ही संधी दिल्या तिने. मीही हेच केलं असतं. गाडी चांगली आहे गं.”

“गाडी चांगली आहे हो, पण वाजले किती ते बघा!”

दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मोबाइलवरची टॅक्सी अठरा मिनिटांच्या अंतरावर होती. सरदारजींनी स्कूटरच्या मागच्या सीटवर थाप मारली. “बैठो जी, मैं छोड़ देंदा।” सुमित्राबाईंनी स्कूटरकडे पाहिलं, आपल्या कडक इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं आणि खासनीसांकडे पाहिलं. खासनीसांची मान खाली होती.

“माझ्यामुळे चार गेल्या,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले. “आज पाचवी घालवली.”

सुमित्राबाईंनी कागद पर्समध्ये कोंबले. “सरका.”

“अं?”

“तिकडे सरका. मी चालवते.”

भोपाळला असताना सुमित्राबाईंनी लायसन काढलं होतं खरं. पण त्या चालवत तेव्हा खासनीस शेजारी बसून दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबत, त्यामुळे ते लायसन चौदा वर्षं कपाटात होतं. ‘नूतनीकरण केलंय का?’ हा प्रश्न खासनीसांच्या ओठांवर आला होता. पण अयोग्य ठरलेल्या उपकरणाने प्रश्न विचारायचे नसतात. ते मुकाट्याने पलीकडे जाऊन बसले. सुमित्राबाई स्टिअरिंगला बसल्या. पडद्यावरची लाल चौकट गेली, हिरवी आली आणि मघाचीच बाई आता माहेरची असल्यासारखी बोलली : “नमस्ते, सुमित्रा जी। आपका पिछला स्कोर सत्तानवे है। चलें?”

खासनीसांचा आ वासला. “ही तुला ओळखते?”

“तीन आठवडे ओळखतेय.” सुमित्राबाईंनी आरशात पाहून सफाईने गाडी रस्त्यावर घेतली. “चिन्मयी शिकवते रोज सकाळी. लायसनही नवं करून घेतलं.”

“रोज सकाळी? मग मी कुठे असतो?”

“पूजेला बसता. पुरता एक तास. डोळे मिटून.”

मागे सरदारजी खासनीसांचे बूट हातात घेऊन ओरडत होते, पुढच्या सिग्नलला त्यांनी ते खिडकीतून आत टाकले आणि “गुड लक, मैडमजी!” म्हणून निघून गेले. पुढची तीन गोल चक्करं सुमित्राबाईंनी अशी घेतली, की खासनीसांच्या पायांना ब्रेक दाबायची आठवणही झाली नाही. दहा सत्तावन्नला गाडी कोचिंग क्लासच्या दारात उभी होती.

सुमित्राबाई आत गेल्या. खासनीस गाडीतच बसून राहिले. समोरचा पडदा अंधारलेला होता. जरा वेळाने त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रुमाल काढला आणि पडदा काळजीपूर्वक पुसला. दाबमापकाची काच पुसायचे, तसा.

बारा वाजता सुमित्राबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. त्या आत बसल्या, पट्टा लावला.

“काय झालं गं?”

“सोमवारपासून. अकरावीचे दोन वर्ग.” मग एकदम हसू फुटलं. “धावतपळत का आलात, असं वर्गात विचारलं एकीने. मग मी त्यांना आजचीच गोष्ट घातली गणितात. गाडीचा वेग अमुक, नवऱ्याची नावं अकरा, तर गाडी कुठल्या नावाला थांबेल?”

खासनीसांनी डोळे पुसले आणि चष्म्यात धूळ गेल्याचं सांगितलं. चष्म्याने धूळ अडते, जात नाही, पण सुमित्राबाईंनी ती चूक तपासली नाही.

परतीच्या वाटेवर झाडांमागे पुन्हा तो पांढरा घुमट दिसला. नोकरी मिळाली होती, आभार मानणं भाग होतं. खासनीसांचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. त्यांनी भीत भीत पडद्याकडे पाहिलं. टुंग टुंग नाही, थरथर नाही. बाजूला बसणाऱ्याचं गाडीला काही पडलेलं नव्हतं.

“सुमित्रा,” त्यांनी विचारलं, “मिटू का गं डोळे?”

“मिटा खुशाल,” समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. “मी बघतेय की.”