रिकामा डबा परत देत नाहीत

आमच्या प्रयोगशाळेत छापलेला कण सकाळी रुग्णाच्या फुफ्फुसात औषध ठेवतो आणि दुपारी चारच्या आत परत येतो. रिकामा मात्र येत नाही.

कण छापणं तसं सोपं आहे. आमचं छपाईयंत्र शाईऐवजी औषधी द्रावणाचे थेंब सोडतं. त्यात कापूर मिसळलेला असतो. थेंब सुकला की कापूर उडून जातो आणि कणाला भोकं पडतात. भोकांमुळे कण हलका होतो आणि श्वासाबरोबर छातीत खोल उतरतो. हे शोधायला मला अकरा वर्षं लागली. कापूर उडतो हे माझ्या आईला आधीपासून ठाऊक होतं.

चूक माझीच. विद्यार्थ्यांना समजावं म्हणून यंत्राच्या सूचनापत्रात मी लिहिलं होतं, की हा कण म्हणजे शेजारी पाठवायचा डबा समजावा. विद्यार्थ्यांनी ते वाचलं नाही, कणांनी वाचलं. डबा म्हटल्यावर तो परत आलाच पाहिजे, आणि येताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी हवीच. माझं शिकवणं इतकं मनावर आजवर कुणी घेतलं नव्हतं.

पहिल्या रुग्ण गोदूबाई खैरमोडे. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवून त्यांच्या छातीत पीठ बसलं होतं. त्यांची तक्रार एकच होती, की भांडताना मधेच दम लागतो आणि तेवढ्यात समोरचा निघून जातो. नवरा वारल्यावर गिरणी दिरानं बळकावली, तेव्हाही बाईंचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं होतं.

पहिल्या आठवड्यात कण गव्हाचं पीठ घेऊन परतले. मग ज्वारीचं आलं. खालच्या थरात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लागलं, ते एका दिवाळीचं होतं असं गोदूबाईंनी वास घेऊन सांगितलं. महिन्याभरात त्या न थांबता जिना चढू लागल्या.

तरीही प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीनं हा प्रयोग नापास केला. नियमाप्रमाणे छातीत गेलेला कण छातीतच राहायला हवा. उच्छ्वासाबरोबर बाहेर येणारा कण वाया गेला असं धरतात. अध्यक्ष डॉ. निमकर यांनी कणांचं परतणं सोमवारपर्यंत थांबवा, नाहीतर प्रयोग बंद करा, असं बजावलं. मी मान डोलावली. समितीपुढे माझी मान आपोआप डोलते.

तो आदेश मी सूक्ष्मदर्शकाखाली कणांना वाचून दाखवला. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या कणानं शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं शेजाऱ्यांचे डबे ठेवून घेतात का?"

आमच्या घरच्या मांडणीवर शेजारच्या जोगळेकरांचे सात डबे आहेत. मी भिंग पुसायला घेतलं.

कणांनी नकार कळवला. सोमवारी मी तो समितीपुढे ठेवला आणि प्रयोग बंद करण्याच्या कागदावर सही करायला पेन काढलं. तेवढ्यात गोदूबाई आत आल्या. दोन मजले चढून आल्या होत्या.

"साहेब, तीस वर्सं ह्या छातीत पीठ साठलं, डाक्टर झाले, वैद झाले, समद्यांनी आत काय ना काय घातलंच, पर भाईर कुणी कायबी काढलं न्हाई, आन् ही डोळ्याला न दिसणारी लेकरं येत्यात, औषिद ठेवत्यात, जाताना मूठभर घिऊन जात्यात, आन् तुमी त्यास्नी नापास करताय, मग पास कुणाला करता ते तरी सांगा!"

मधे त्यांनी श्वास घेतला नाही. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलं नाही. डॉ. निमकर त्यांना बसा म्हणाले. बसायला वेळ नाही, दिराकडं जायचंय, असं सांगून गोदूबाई निघाल्या. त्या जिना उतरत असताना बोलण्याचा सराव करत असल्याचं आम्हाला बराच वेळ ऐकू येत होतं.

समितीनं नियम बदलला नाही. कण परत येतात, म्हणून प्रयोग फसलेलाच आहे, असं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. मात्र हे फसणं आणखी एक वर्ष चालू ठेवावं आणि त्यात चाळीस रुग्ण घ्यावेत, असंही ठरलं. प्रमुख म्हणून माझं नाव एकमतानं सुचवण्यात आलं. फसण्याचा इतका सलग अनुभव दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.