सासूबाईंचे शिस्तीचे मासे

सहा वर्षांत सासूबाईंनी जावयावर पहिल्यांदाच काही सोपवलं, तेही जिवापाड जपलेले आठ चिमुकले काळे मासे. "तीन वर्षं झाली, एकही तसूभर वाढला नाही," त्या अभिमानाने म्हणाल्या. "शिस्तीचे आहेत. तीन आठवडे तुमच्या भरवशावर सोडून चाललेय." मागे बॅगा घेऊन उभे असलेले सासरे काहीतरी बोलणार होते, पण टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला.

जावयाचं केस कापायचं दुकान. कंगवे जंतुनाशकात बुडवल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावत नसे. त्याच चोख सवयीने त्याने माशांच्या टाकीतही जंतुनाशकाची दोन झाकणं ओतली. दुपारी आठही मासे पोटं वर करून तरंगत होते.

"आता आई तुम्हाला उंबरठा चढू द्यायची नाही!" बायकोने कपाळावर हात मारला.

पण नशीब बलवत्तर. बागेतल्या तळ्यात हुबेहूब तसलेच मासे वळवळत होते. जावयाने टाकी दहा पाण्यांनी धुतली, चहाच्या गाळणीने आठ मासे आणून सोडले आणि मिशीला पीळ दिला.

तो पीळ आठवडाभर टिकला.

"अहो, माशांना पाय फुटलेत."

"माशाला कुठे पाय असतात? पर असतील."

"मग या परांना गुडघे कसे?"

पुढे हात आले, शेपट्या आखडल्या. सासूबाई फोनवर रोज मासे दाखवा म्हणत.

"झोपलेत," जावई सांगे.

"आठही? भरदुपारी?"

"शिस्तीचे आहेत ना!"

त्या दोन दिवस आधीच येऊन थडकल्या. टाकीवरचं फडकं उचलताच एक बेडूक त्यांच्या खांद्यावर, दुसरा पर्समध्ये.

"मेल्यांनो, माझे मासे गिळलेत!" सासूबाई मटकन बसल्या आणि खरंच रडू लागल्या.

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कबुली देणार, तेवढ्यात सासऱ्यांनी त्याला दंडाला धरून बाल्कनीत ओढलं.

"जावईबापू, दर आठवड्याला बदलायचे असतात! पाय फुटायच्या आत! जाताना तेवढंच सांगायचं राहिलं बघा."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही..."

"तिचे खरे मासे मी पहिल्याच आठवड्यात मारले. भांड्यांच्या साबणाने. तुम्ही कशाने?"

"जंतुनाशकाने."

सासऱ्यांनी आदराने मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांनी जावयाकडे असं आपुलकीने कधी पाहिलं नव्हतं.

"दोन वाचले म्हणून सांगू. उद्या सकाळी सहाला तळ्यावर या," ते कुजबुजले. "गाळणी आणू नका. माझ्याकडे बारीक जाळीची आहे."