गजराबाईसाहेबांच्या दंतमंजनाची हकीगत

श्री जगदंबा वाचेस बळ देवो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी वर्तमान घडले ते ऐसे जे, राजे सुभानराव यांस गजराबाईसाहेब ही एकच कन्या, आणि तीत राजियांचा सारा जीव. थोरल्या दौलतीकडून सोयरीक आली आणि चैत्रात पाहावयास येतो ऐसा निरोप जाहला. मग राजियांनी लेकीस न्याहाळिले, आणि दात किंचित पिवळसर दिसले, तेच मनात सलो लागले. राजवैद्य नरहरभट यांस हुकूम केला की, "शिंपा आणि विटकर कुटोन मंजन करा. दात शुभ्र जाहले पाहिजेत."

भटजींनी हात जोडोन अर्ज केला, "महाराज, ही पूड खरखरीत. दातांवरले कवच एकवार झिजले, म्हणजे फिरोन येत नाही. मऊ खडूची पूड देतो, बोट हलके फिरवावे."

राजे हसोन बोलिले, "वैद्यबुवा, भांडे घासल्यावाचून लखलखते काय?"

आणि मंजन सिद्ध जाहले. बाईसाहेब पित्याचा शब्द मोडणाऱ्या नव्हत्या. दोन्ही वेळा काडीने जोर लावोन घासो लागल्या. प्रथम दात चकाकले आणि राजे संतोष पावले. मग कवच पातळ जाहले आणि आतील पिवळेपण अधिकच दिसो लागले, आणि राजियांस वाटले की घासणेच कमी पडते. "आणखी जोराने घासा," म्हणोन आज्ञा केली. लेकीने तीही पाळिली. हिरड्या सुटल्या, दातांच्या मुळाशी खाचा पडल्या, परंतु चकार शब्द काढिला नाही.

पाहुणे आले. त्यांनी दातांकडे पाहिलेही नाही. मुलीचे बोलणे गोड, म्हणोन पसंती दिधली, आणि वैशाखात लग्न जाहले.

पुढील उन्हाळियात बाईसाहेब माहेरी आल्या. राजियांनी वाळ्याचे गार सरबत स्वहस्ते दिले. एक घोट घेतला आणि बाईसाहेबांचे डोळे पाणावले. पेला खाली ठेविला.

"साखर कमी जाहली काय?"

"नाही, आबासाहेब. गार सोसत नाही."

"केव्हापासोन?"

"लग्नाआधीपासोन."

"मग बोलिला का नाहीत?"

"आपण इतक्या हौसेने करीत होता."

राजियांनी तत्काळ भटजींस बोलाविले आणि उपाय पुसिला. भटजी मान खाली घालोन बोलिले, "ठणका कमी करू, महाराज. गेले ते येणार नाही." मग राजियांनी तो पेला दोन्ही हातांत धरिला, आणि सरबताचा गारवा जाईतोवर तैसेच बसोन राहिले.

एणेप्रमाणे जाहले. वाईट कोणाचेच चिंतिले नव्हते, तरी ऐसे घडले, हीच खंत राजियांस अखेरपर्यंत राहिली.