वादळ फलाटाला लागत आहे

आमच्या गल्लीत सकाळ उजाडते ती समुद्राच्या बातमीने.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," शेजारच्या ओट्यावरून खणखणीत आवाज येतो, "अरबी समुद्रातून सुटलेले वादळ लक्षद्वीप सोडून कोकणाच्या दिशेने निघाले आहे. वादळ नियोजित वेळेपेक्षा उशिरा धावत आहे. प्रवाशांनी फलाटावर विनाकारण गर्दी करू नये."

फलाट म्हणजे तात्यांचा ओटा. प्रवासी म्हणजे मी, तोंडात ब्रश धरून दारात उभा. पारनेरहून समुद्र नक्की कुठल्या अंगाला, हे विचारलं तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना आधी सूर्य कुठे उगवतो ते आठवावं लागेल. मी स्वतः तो जन्मात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा चपला भिजवून घेतल्या. पण समुद्रात कुठे खुट्ट झालं की पहिली खबर आमच्याकडे येते.

तात्या म्हणजे मुरलीधर शेळके. गाव त्यांना कंट्रोलर म्हणतं, कारण उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत काढली. माझं भांड्यांचं दुकान स्टँडच्या अगदी समोर, त्यामुळे त्यांचा आवाज मी शेजारी राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकतो आहे. नगरची गाडी ते अशी काही पुकारायचे की ज्याला जायचं नाही त्यालाही आपण जाऊन यावं असं वाटे. माझ्या दुकानात पातेल्यावर बोट वाजवून बघणारं गिऱ्हाईक ते पातेलं तिथेच सोडून पळत सुटायचं. या माणसाने माझा धंदा किती बुडवला ते मलाच माहीत.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला लागतात, सोसायटीच्या राजकारणात पडतात, नाहीतर बायकोला स्वयंपाक शिकवू लागतात. तात्यांना भजन येत नव्हतं, राजकारण सोसत नव्हतं आणि तिसरा रस्ता काकू गेल्यामुळे बंद झाला होता. काही दिवस ते नुसतेच ओट्यावर बसून येणारी-जाणारी वाहनं बघायचे आणि मनातल्या मनात सोडायचे. मग त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर वाऱ्याचा नकाशा काढून दिला. त्यात वारे पांढऱ्या रेघा होऊन पळतात, पाऊस हिरवा-जांभळा दिसतो आणि वादळ असलं तर ते गरगर फिरतं. पुतण्याला वाटलं, काकांचा जरा वेळ जाईल. तात्यांना त्या नकाशात स्टँड दिसला.

तेव्हापासून हवामानाची सगळी भाषा त्यांनी आपल्या खात्यात बदली करून घेतली. साधा ढग म्हणजे शटल. घाटावर चढून दोन दिवस बरसत बसला तो पाऊस मुक्कामी. किनाऱ्यापर्यंत येऊन मागे फिरलं ते वादळ 'ब्रेकडाऊन'. बंगालच्या उपसागरात काही झालं की मात्र ते हात झटकतात. "ती आपल्या डेपोची गाडी न्हाई," म्हणतात, "तिची चौकशी आंध्रात करा."

वादळ कुठे जाणार याचे दोन अंदाज त्यांच्या मोबाईलवर येतात, एक अमेरिकेचा आणि एक युरोपचा. तात्या त्यांच्याविषयी हाताखालच्या दोन ड्रायव्हरांसारखं बोलतात. "अमेरिकावाला लई घाबरट हाय, शेठ. उगं हॉर्न वाजवीत येतो. युरोपवाला शांत. पन एकदा का त्यानं वळन घेतलं की मग गाडी तिकडंच जानार." मी भांडी विकतो, मला काय कळतं? मी मान हलवतो.

असे नादिष्ट एकटे नसतात. जिल्हाभरातून तात्यांनी आपल्यासारखे जमा केले आणि व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'चौकशी कक्ष'. मलाही न विचारता घेतलं. अकोले तालुक्यातून एक रिटायर वनरक्षक रोज कळवतात, "इकडे भरून आले आहे." तिकडे डोंगरात कायमच भरून आलेलं असतं. पाथर्डीचा एक जीपवाला आहे, त्याचा बारमाही एकच मेसेज, "इकडे ऊन." वादळ असो, थंडी असो, दिवाळीच्या शुभेच्छा असोत, खाली त्याचं उत्तर तयार. तात्या दोघांनाही 'नोंद घेतली' असं लिहून पाठवतात.

ग्रुपमधली खरी हुकमाची जागा मात्र रेखाची. रेखा ही तात्यांची एकुलती एक मुलगी. दापोलीकडे, अगदी किनाऱ्यावरच्या गावात दिलेली. तिथे तिच्या सासरची नारळी-पोफळीची वाडी आहे. ती ग्रुपवर काही लिहीत नाही, पण तात्या मोठ्या तोऱ्यात जाहीर करतात, "किनाऱ्यावर आपला मानूस हाय."

तर, ही गोष्ट मागच्या मे महिन्यातली. लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि तात्यांचं वय कमी झालं. इस्त्रीचा शर्ट आला, खिशाला पेन आलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्याचं वादळ झालं आणि त्यांनी ओट्यावर खुर्चीपुढे टेबल मांडलं. दोन्ही ड्रायव्हर एका सुरात सांगत होते की गाडी कोकणात दापोलीच्या आसपास लागणार आणि तिथून घाट चढून आमच्याकडे येणार.

"मुक्कामी," तात्या म्हणाले. "दोन दिवस तरी. गल्लीतल्या बायकांनी वाळवन घालू नये."

आता मे महिन्यात आमच्याकडच्या बाईला वाळवण घालू नका म्हणणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कुरडया होतात त्याला विचारा. त्यात आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमनने, नेमके गहू भिजत घातलेले. एकदा गहू भिजले की बाईला माघार घेता येत नाही. ते आंबतात, त्यांचा चीक काढावाच लागतो, चीक शिजवून कुरडया घालाव्याच लागतात आणि त्या दिवशी कडक ऊन असावंच लागतं. सुमन पदर खोचून ओट्यापाशी गेली.

"तात्या, तुमचं वादळ तुमच्या मोबाईलात ठेवा. माझे गहू भिजलेत."

"वहिनी, गाडी सुटली हाय. आता मी तरी काय करू?"

"मग तिला म्हणावं, परवा ये."

बाकीच्या घरांनी मात्र ऐकलं. कंट्रोलरच्या आवाजाची सवयच तशी आहे, माणूस विचार करायच्या आधी पिशवी उचलतो. गच्च्या रिकाम्या झाल्या. कुणी कांद्याच्या चाळीवर ताडपत्री ओढली. शेजारच्या साळुंक्यांनी साखरपुड्याचा मांडव उतरवून पाहुण्यांना घरात कोंबलं. मी दुकानाबाहेर टांगलेल्या बादल्या आत घेतल्या.

आणि ते सगळे दिवस तात्यांचा फोन चालू. त्यांना कानाला फोन लावणं आवडत नाही, ते स्पीकर लावून हातात धरतात, त्यामुळे सगळी गल्ली किनाऱ्याच्या संपर्कात होती. "रेखा, पत्र्यावर दगडं ठिवली का? गाय आत बांध. माडाखाली पोरांना खेळू देऊ नको. मेनबत्त्या हायत ना? आता समुद्र कसा दिसतोय?" पलीकडून रेखा समुद्र कसा दिसतोय ते सांगायची. कधी काळा म्हणायची, कधी शेवाळी. त्यावर हे म्हणायचे, "शेवाळी म्हंजे अजून वेळ हाय." ती म्हणायची, "तात्या, तुम्ही जेवून घ्या आधी." ते म्हणायचे, "ड्युटीवर हाय." सकाळी फोन, दुपारी फोन, दिवेलागणीला फोन. काळजी होतीच. वादळ तिच्या अंगणावरूनच जाणार होतं.

मग युरोपवाल्याने वळण घेतलं.

वादळ किनाऱ्याच्या तोंडाशी आलं, जरा घुटमळलं आणि सरळ ओमानच्या बाजूला निघून गेलं. दापोलीला चार थेंब पडले. आमच्याकडे ते चारही आले नाहीत. असं ऊन पडलं की बादल्या आत ठेवूनसुद्धा तापल्या. रिकाम्या गच्च्या चकाकत होत्या आणि एकट्या सुमनच्या कुरडया कडकडीत वाळून पांढऱ्याशुभ्र पडल्या होत्या. ती त्या उलटायला दिवसातून चारदा गच्चीवर जायची. एरवी एकदाच जाते. साळुंक्यांच्या घरात कोंबलेले पाहुणे घाम पुसत बाहेर आले आणि मांडव कुठे गेला म्हणून विचारू लागले.

ग्रुपवर सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. मग पाथर्डीहून मेसेज आला, "इकडे ऊन."

त्याखाली हसण्याचे चेहरे पडत गेले, पडत गेले. तात्यांनी 'नोंद घेतली' लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घोषणाही झाली नाही. मी ब्रश घेऊन बराच वेळ दारात उभा राहिलो. शांतता मला सोसेना. नुकसान करणारा आवाज असला तरी तो आपला असतो.

"जाऊन बघा जरा," सुमन म्हणाली आणि तळलेल्या कुरडयांनी भरलेलं ताट माझ्या हातात दिलं. "द्या नेऊन. म्हणावं, वादळात वाळवलेल्या आहेत." चेष्टाच होती, पण ताटात वर तिने लिंबाच्या लोणच्याची फोडही ठेवली होती.

तात्या आत कॉटवर बसले होते. अंगात बनियन. टेबल भिंतीला लावलेलं. मी ताट ठेवलं, सुमनचा निरोप सांगितला. हसले नाहीत.

"अहो तात्या, गाड्या कितीदा रद्द व्हायच्या," मी म्हणालो, "तेव्हा लोक तुम्हाला शिव्या देऊन गेले नाहीत का? दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीशी यायचे. विसरतील."

"अंदाज चुकला त्याचं काय न्हाई, शेठ. चुकला तेच बरं झालं. पोरीचं घर ऱ्हायलं." त्यांनी कुरडईचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "पन आता फोन कशाला करील ती?"

मला कळलं नाही. लेक बापाला फोन करील, त्यात कशाला काय?

"न्हाई तुमच्या ध्यानात येत. ही हुती तवर फोन सगळा हिचाच. मी उचलला तरी 'बरा हाय, थांब, आईला देतो' एवढंच बोलायचो. मायलेकी घंटाघंटा काय बोलत असतील देवाला ठाव. मला कंदी वाटलं न्हाई की इचारावं. ही गेल्यावर पोरगी करती की फोन, न्हाई असं न्हाई. 'जेवला का?' 'जेवलो. तू?' 'जेवले.' 'पोरं?' 'बरी हायत.' मग ती बी गप, मी बी गप. मग म्हनती, 'ठेवू का?' मी म्हनतो, 'ठिव.'" ते जरा थांबले. "ह्या वादळात बगा, दिसाला तीन-तीन डाव बोललो आमी. तिनं मला समुद्राचा रंग सांगितला. मी तिला वारा सांगितला. हिच्या वानी घंटाभर बोललो, शेठ. आता ते गेलं ओमानला. आता काय बोलू?"

इतके दिवस मी या माणसाच्या नकाशाला हसत होतो. मी उगाच ताट त्यांच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात फोन वाजला. रेखाच होती. तात्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"तात्या, जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवले." थोडा वेळ नुसता फोनचा आवाज. "गेलं ना ते एकदाचं? टीव्हीवर दाखवलं, धोका टळला म्हणून."

तात्यांनी नकाशा उघडला. मी शेजारीच होतो, मला स्पष्ट दिसत होतं. अरबी समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत निळाशार, धुतल्यासारखा. ढगाचा एक ठिपका नव्हता. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"ते गेलं," तात्या घसा साफ करत म्हणाले, "पन लक्षद्वीपच्या खाली जरा काईतरी हालतंय. ल्हानसंच हाय. आत्ताच काय सांगता यायचं न्हाई. तू सकाळच्याला फोन कर, मग नक्की सांगतो."

टीव्ही तिच्याही घरात होता. मला वाटलं, आता ती म्हणणार की तात्या, काही नाही हो ते, तुम्ही आराम करा.

"तरीच," ती हळूच म्हणाली. "इकडं पण सकाळपासून भरून आल्यासारखंच वाटतंय. वारा पण पडलाय. मी उद्या समुद्र बघून येते आणि फोन करते. परवाही करते. लक्ष ठेवायला पाहिजे ना."

तिच्यामागून तिच्या धाकट्याचा रडवेला आवाज आला, "आई, अंगणात पाय भाजतायत गं, माझ्या चपला कुठायत?"

तो आवाज मी ऐकला, तात्यांनीही ऐकला. त्यांनी पायानेच भिंतीजवळचं टेबल पुढे ओढलं, त्यावर मोबाईल नीट उभा केला आणि अगदी खिडकीतल्या आवाजात म्हणाले,

"व्हय का? भरून आलंय? मग आता मला नीट सांग, समुद्र कसा दिसतोय."